शीला, कॅमेरा आणि कोर्टाची कागदपत्रं : माहितीपटांविषयी वाचकांचे प्रश्न

रजनीशांची (पुढे ओशो) एकेकाळची सचिव मा आनंद शीला आणि त्यांच्या अनुयायांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात वसवलेलं रजनीशपुरम यांच्यावरच्या माहितीपटांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ आणि ‘सर्चिंग फॉर शीला’ हे दोन्ही नेटफ्लिक्सवर आहेत. आधी कोणता पाहावा? वेळ कमी असेल तर नुसता दुसरा पाहून चालेल का?

नाही चालणार. २०२१ चा ‘सर्चिंग फॉर शीला’ जेमतेम तासाभराचा आहे आणि प्रेक्षकाला पूर्वकथा ठाऊक आहे असं तो गृहीत धरतो. शीला बऱ्याच वर्षांनी भारतात येते, पार्ट्यांना जाते, मुलाखती देते आणि कॅमेरा तिच्या मागे फिरतो. तिच्यावरचे आरोप काय होते, कोणते सिद्ध झाले, कुणाला काय भोगावं लागलं, हे त्यातून नीट कळत नाही. ते ठाऊक नसताना पाहिलं तर एक मिश्कील, हजरजबाबी आजीबाई तेवढी लक्षात राहते.

आधी पाहायचा तो २०१८ चा ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’. मॅक्लेन वे आणि चॅपमन वे या भावांनी केलेली ही सहा भागांची मालिका सहा तासांहून मोठी आहे. त्या वर्षीचा उत्कृष्ट माहितीपट मालिकेचा एमी पुरस्कार तिला मिळाला. सलग एका रात्रीत संपवू नका. दोन-दोन भाग पाहा आणि शेजारी कागदावर तारखा लिहून ठेवा, कारण मालिका सरळ कालक्रमाने जात नाही आणि प्रत्येक वेळी साल सांगतेच असंही नाही.

कागदावर हव्यात त्या तारखा अशा. १९७४ पासून पुण्यात कोरेगाव पार्कला आश्रम. १ जून १९८१ ला रजनीश अमेरिकेला रवाना. त्याच वर्षी मा योग लक्ष्मी यांच्या जागी शीला त्यांची सचिव झाली आणि जुलैमध्ये तिने ओरेगॉनमधलं बिग मडी रँच ५७.५ लाख डॉलरना घेतलं. ६४,२२९ एकर, म्हणजे सुमारे २६० चौरस किलोमीटर. १९८२ मध्ये रजनीशपुरम हे शहर म्हणून स्थापन झालं आणि शेजारच्या अँटेलोप गावाची सत्ता संन्याशांकडे, म्हणजे रजनीशांच्या अनुयायांकडे गेली. जुलै १९८३ मध्ये पोर्टलंडच्या हॉटेल रजनीशमध्ये स्फोट. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये जवळच्या द डॅल्स गावात सॅलडमध्ये जंतू मिसळून विषबाधा. १४ सप्टेंबर १९८५ ला शीला युरोपला निघून गेली. १६ सप्टेंबरला रजनीशांनी पत्रकार परिषदेत तिच्यावर जाहीर आरोप केले. ऑक्टोबरअखेर दोघंही अटकेत होती, ती पश्चिम जर्मनीत आणि ते नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे.

एवढं समोर असलं की मुलाखतीत कुणी ‘त्यानंतर आम्हाला नाइलाजाने हे करावं लागलं’ म्हणालं, की ‘कशानंतर?’ हे लगेच तपासता येतं. स्वसंरक्षणासाठी शस्त्रं घेतली, हा शीलाचा नेहमीचा खुलासा. तो १९८३ च्या स्फोटाला टेकलेला आहे आणि तो स्फोट खरा आहे. घडवणारा एका वेगळ्याच कट्टर संघटनेशी संबंधित होता. पण या खुलाशाने बंदुका समजतात. सॅलडमधले जंतू समजत नाहीत.

भांडण मुळात धर्माचं होतं की जमिनीचं? मालिका पाहून दोन्ही वाटतं.

सुरुवात जमिनीची, आणि हा भाग बहुतेक प्रेक्षक कंटाळून पुढे ढकलतात. ओरेगॉनमध्ये १९७३ पासून कडक जमीनवापर कायदा आहे. शेतीसाठी राखलेल्या जमिनीवर मनाला येईल तेवढी घरं बांधता येत नाहीत. शेतीला लागणाऱ्या माणसांपुरतीच परवानगी मिळते. रँच घेताना तिथे शेती-कम्यून, म्हणजे शेती करणारी सामूहिक वस्ती करणार असं सांगितलं गेलं. मग हजारोंच्या वस्तीची बांधकामं सुरू झाली. परवान्याचा अडसर दूर करायचा तर स्वतःची नगरपालिका हवी, म्हणून रजनीशपुरम शहर. ‘थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन’ या जमीनवापरावर काम करणाऱ्या संस्थेने त्याला आव्हान दिलं. तो खटला चालू असताना शहरात नवीन बांधकाम अडणार, मग सोय म्हणून अँटेलोप. चाळीस-पन्नास वस्तीच्या त्या गावात संन्याशांनी घरं घेतली, मतदार म्हणून नोंदणी केली आणि निवडणूक जिंकली. पुढे गावाचं नावच ‘रजनीश’ केलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते पुन्हा अँटेलोप झालं.

धर्माचा मुद्दा कायद्याच्या भाषेत आला तो ऑक्टोबर १९८३ मध्ये. राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमेयर यांनी मत दिलं, की इथली सगळी जमीन, रस्ते आणि प्रशासन एकाच धार्मिक संघटनेच्या ताब्यात आहे, त्यामुळे या शहराला सरकारी पैसा आणि अधिकार देणं हे धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याच्या घटनात्मक तत्त्वाचा भंग आहे. गावकऱ्यांचा राग, भगव्या कपड्यांविषयीची भीती, काहींचा उघड वंशद्वेष हे सगळं होतंच, आणि मालिकेत ते उत्तम दिसतं. पण शहराचा कायदेशीर पाया ज्याने खिळखिळा केला, तो हा कागद.

शीला गुन्हेगार ठरली, की सगळे नुसते आरोपच होते? ‘मी शिक्षा भोगली आहे’ असं ती म्हणते, पण गुन्हा केल्याचं मान्य करत नाही.

ती दोषी ठरली आहे. २२ जुलै १९८६ ला ओरेगॉनमध्ये खटल्यांचा निकाल तडजोडीच्या कबुलीवर लागला. रजनीशांचे डॉक्टर देवराज यांच्या खुनाचा प्रयत्न, वास्को काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) दोन आयुक्तांना जंतुमिश्रित पाणी देऊन केलेला हल्ला, सॅल्मोनेला या जंतूने केलेल्या विषबाधेचं प्रकरण, फोन चोरून ऐकण्याची यंत्रणा आणि स्थलांतर कायद्यातली फसवणूक असे विषय त्यात होते. सगळ्यात मोठी शिक्षा २० वर्षांची, पण शिक्षा एकत्र भोगायच्या होत्या. चांगल्या वर्तणुकीमुळे ती डिसेंबर १९८८ मध्ये सुटली आणि युरोपला गेली. सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या खुनाच्या कटाचा विषय वेगळा. त्यात तिच्यावर अमेरिकेत खटला चालू शकला नाही, पण १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने खुनाच्या तयारीबद्दल तिला दोषी धरलं. नव्याने तुरुंगात जावं लागलं नाही, आधीचा तुरुंगवास पुरेसा मानला गेला.

कबुलीवर निकाल लागला की काय होतं, हे इथे समजून घ्यायला हवं. पूर्ण खटला उभा राहत नाही. साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही, आणि आरोपीला पुढे आयुष्यभर ‘वकिलाच्या सल्ल्याने सही केली’ असं म्हणायची पळवाट राहते. शीला तीच वापरते. माहितीपटात ती ‘मला दोषी ठरवलं’ म्हणते की ‘मी केलं’ म्हणते, याकडे कान ठेवा. पहिलं वाक्य ती सहज बोलते.

रजनीशांच्या बाबतीत उलटा गोंधळ होतो. अनेक वाचकांनी लिहिलंय, की भगवानांनाही विषबाधेत शिक्षा झाली. तसं नाही. त्यांच्यावरचं आरोपपत्र स्थलांतर कायद्याच्या भंगाचं होतं. १४ नोव्हेंबर १९८५ ला त्यांनी दोन कलमांपुरता ‘आल्फर्ड’ पद्धतीचा कबुलीजबाब दिला. यात आरोपी गुन्हा मान्य करत नाही, पण दोषी ठरवायला पुरेसा पुरावा सरकारकडे आहे एवढं मान्य करतो. दहा वर्षांची स्थगित शिक्षा, चार लाख डॉलर आणि देश सोडणं अशी तडजोड झाली. विषबाधेची त्यांना कल्पना होती का, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात लढवला गेलेला नाही. त्यावर ठाम उत्तर देणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आपला विश्वास सांगतो आहे असं समजा.

विषबाधा नेमकी कशी झाली आणि कळायला वर्ष का लागलं? मालिकेत तर ते लगेच उघड झाल्यासारखं दिसतं.

संकलनामुळे तसं दिसतं. प्रत्यक्षात मधे वर्ष गेलं आणि त्या वर्षात डॉक्टर-तपासनीसांचा निष्कर्ष चुकीचा होता. हा सगळा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे.

वास्को काउंटीचं मुख्य गाव द डॅल्स, वस्ती दहा हजारांच्या आसपास. नोव्हेंबर १९८४ मध्ये काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या तीन जागांपैकी दोन जागांची निवडणूक होती. रजनीशपुरमचा बेत दुहेरी होता. एकीकडे देशभरातून हजारो बेघर माणसं बसने आणून मतदार करायची, दुसरीकडे स्थानिक मतदार मतदानाच्या दिवशी अंथरुणात राहतील असं पाहायचं. सप्टेंबरमधली विषबाधा ही त्या दुसऱ्या भागाची रंगीत तालीम होती. दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये, म्हणजे ग्राहक स्वतः वाढून घेतात त्या उघड्या काउंटरवर, सॅल्मोनेला टायफिम्युरियम मिसळला गेला. दोन लाटांत मिळून ७५१ जण आजारी पडले, ४५ जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं. कुणी दगावलं नाही.

साथीचा तपास ठरलेल्या रीतीने होतो. आजारी आणि न आजारी अशा दोन्ही ग्राहकांना काय-काय खाल्लं ते विचारायचं आणि कोणता पदार्थ आजाऱ्यांच्या यादीत जास्त येतो ते पाहायचं. सॅलड बार लगेच सापडला. पण एका ठिकाणी एक पदार्थ दूषित, दुसऱ्या ठिकाणी दुसराच. सगळ्या रेस्टॉरंटांचा पुरवठादारही एक नव्हता, म्हणजे माल मुळातच खराब आला म्हणावं तर तेही बसेना. उरलं काय? स्वयंपाकघरातली माणसं. त्यांच्यातलेही बरेच आजारी होते. म्हणून त्यांच्या हातून संसर्ग पसरला असावा असा निष्कर्ष निघाला. चूक इथे झाली. ती माणसंही त्याच सॅलड बारवर जेवत होती, त्यामुळे ती संसर्गाचं कारण होती की बळी, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नव्हतं. मुद्दाम केलं असेल ही शक्यता विचारात घेतली गेली आणि सोडून दिली गेली. कुणी जबाबदारी घेतली नव्हती, धमकी नव्हती, आणि असा प्रकार अमेरिकेत याआधी कुणी पाहिला नव्हता.

संशय जाहीरपणे मांडला तो एका राजकारण्याने. अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे सदस्य जेम्स वीव्हर यांनी २८ फेब्रुवारी १९८५ ला सभागृहात रजनीशपुरमकडे बोट दाखवलं. तेव्हा त्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि अनेकांनी त्यांना पूर्वग्रहदूषित ठरवलं. पुरावा आला तो सप्टेंबरमध्ये खुद्द रजनीशांनी शीलावर आरोप केल्यावर. तपास पथकं आत गेली आणि २ ऑक्टोबर १९८५ ला तिथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेत जंतूची एक कुपी मिळाली. प्रयोगशाळा आपल्या चाचण्या बरोबर चालतात का हे पाहायला जे प्रमाणित जंतू विकत आणतात, त्यातली. रुग्णांकडून मिळालेल्या जंतूशी तो जुळला. या तपासाचा सविस्तर वैद्यकीय लेख प्रसिद्ध झाला १९९७ मध्ये, एवढ्या उशिरा, कारण त्यातून कुणी धडा गिरवू नये ही धास्ती होती.

बेघर मतदारांचा डाव आधीच फसला होता. राज्याच्या सचिव नॉर्मा पॉलस यांनी काउंटीतली नवी मतदार नोंदणी रोखून प्रत्येक नव्या अर्जदाराची सुनावणी लावली. गरज संपल्यावर त्या माणसांना आसपासच्या गावांत नेऊन सोडण्यात आलं. मालिकेतला आम्हाला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच, आणि त्यावर शीलाला विचारलेला प्रश्न सगळ्यात मवाळ आहे.

चाळीस वर्षांपूर्वीचं इतकं स्पष्ट चित्रीकरण मिळालं कसं?

दोन ठिकाणांहून. पोर्टलंडच्या वृत्तवाहिन्या रोज कॅमेरा घेऊन रँचवर जात होत्या. त्यांच्या पाऊण इंची यू-मॅटिक टेप ओरेगॉन हिस्टॉरिकल सोसायटीच्या दफ्तरात पडून होत्या. वे बंधू तिथे बेसबॉलवरच्या आधीच्या माहितीपटासाठी गेले असताना अभिलेखपालांनी त्यांना या सुमारे ३०० तासांच्या साठ्याविषयी सांगितलं. दुसरा स्रोत म्हणजे खुद्द संन्याशांचं चित्रीकरण. या चळवळीला आपलं सगळं नोंदवून ठेवायची हौस होती.

जुन्या टेपांचं काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडं तांत्रिक. त्या काळच्या अनेक टेपांमधला चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट घटक हवेतला ओलावा शोषतो. टेप तशीच लावली तर ती चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि थर खरवडून निघतो. उपाय म्हणजे प्रयोगशाळेतल्या नियंत्रित उष्णतापेटीत ५० ते ५४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त ठेवणं. घरच्या ओव्हनमध्ये कधीही नाही, त्याचं तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज हलतं. हा गुण तात्पुरता असतो, काही आठवड्यांत टेप पुन्हा ओलावा धरते, म्हणून लगेच डिजिटल करून घ्यायची. बुरशी दिसली तर भाजूही नका आणि चालवूही नका. आधी कोरडी सफाई, नाहीतर बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते.

साठवण कमी धरू नका. दाबून लहान न केलेलं १० बिट चित्र तासाला सुमारे १०० जीबी घेतं. ३०० तास म्हणजे ३० टीबी, आणि दुसरी प्रत धरली तर ६०. आणखी एक सर्रास होणारी चूक : जुन्या टीव्हीच्या ४ः३ आकाराचं चित्र ओढून रुंद पडदा भरणं. माणसं बुटकी-जाडी दिसतात आणि जुना कागद खोटा वाटायला लागतो. बाजूला काळे पट्टे राहू द्यावेत. ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’त जुन्या फूटेजचा पोत तसाच ठेवलाय, तो त्या मालिकेच्या प्रभावाचा मोठा भाग आहे.

दिग्दर्शक शीलाला मधेच थांबवून ‘हे खोटं आहे’ असं का म्हणत नाहीत?

तो पद्धतीचा भाग आहे, आणि पद्धतीची किंमतही. अशा व्यक्तीला पहिल्याच दिवशी अडवलं तर ती बंद होते किंवा वकिलाची भाषा बोलू लागते. म्हणून बोलू द्यायचं आणि खोडून काढायचं काम संकलनात करायचं. वे बंधूंनी शीलासमोर सरकारी वकील रॉबर्ट वीव्हर, अँटेलोपचे रहिवासी, रजनीशांचे वकील स्वामी प्रेम निरेन आणि देवराजना इंजेक्शन टोचणारी जेन स्टॉर्क उभी केली. शीलाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. निवाडा प्रेक्षकावर सोपवला जातो.

जेन स्टॉर्क आणि शीला यांच्या मुलाखती लागोपाठ पाहा, फार शिकायला मिळतं. स्टॉर्क सुई, गर्दी, देवराज यांचा चेहरा अशा ठोस गोष्टी सांगते आणि क्रियापदं स्वतःवर घेते. शीला प्रेमाविषयी, निष्ठेविषयी, भगवानांविषयी बोलते. तिच्या बोलण्यात कर्ता सापडत नाही. घटना ‘घडतात’.

‘सर्चिंग फॉर शीला’त समोर दुसरा पक्षच नाही, आणि तिथेच तो गळपटतो. करण जोहरसारखे मुलाखतकार प्रश्न विचारतात, ती हसून टोलवते, टाळ्या पडतात. निर्मितीही जोहर यांच्याच धर्मॅटिक या कंपनीची. प्रश्न धीट असूनही उपयोग होत नाही, कारण हातात कागद नसतो. ‘तुम्ही विष दिलंत का?’ याला ‘नाही’ किंवा विनोद हे उत्तर पुरतं. ‘२२ जुलै १९८६ च्या कबुलीवर ही तुमची सही आहे, यातलं कोणतं वाक्य खोटं?’ याला पुरत नाही.

मालिकेत काय नाही?

मुलं. कम्यूनमध्ये वाढलेल्या मुलांच्या शोषणाच्या साक्षी २०१८ च्या मालिकेत जवळपास नाहीत. त्यावर २०२४ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द कल्ट’ हा स्वतंत्र माहितीपट आला, तो जरूर पाहा. पुण्याची सात वर्षंही धावत उरकली आहेत, त्यामुळे माणसं घरदार सोडून का आली ते उमगत नाही. आणि ‘द ओरेगोनियन’ दैनिकाने १९८५ च्या जून-जुलैमध्ये, म्हणजे शीला पळण्याच्या आधी, वीस भागांची शोधमालिका छापली होती. तिच्यामागच्या पत्रकारांना मालिकेत मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

शीला आता काय करते?

स्वित्झर्लंडमध्ये वृद्ध आणि मानसिक आजारी माणसांसाठी शुश्रूषागृहं चालवत आली आहे.

आमच्या भागातल्या एका मठाचे माजी व्यवस्थापक बोलायला तयार आहेत. माहितीपट करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

कॅमेऱ्यापासून करू नका. आधी कागद. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदणीचा उतारा म्हणजे शेड्यूल वन, विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट आणि लेखापरीक्षण अहवाल मिळवा. त्यावरून तुमचे माजी व्यवस्थापक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पदावर होते हे पक्कं होतं. बरेचदा ते स्वतः सांगतात त्याहून वेगळं निघतं. फौजदारी खटला झाला असेल तर न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल घ्या. पक्षकार नसाल तर अर्जात कारण लिहावं लागतं. जमीन व्यवहार असतील तर सातबारा आणि फेरफार.

संमतीपत्र मुलाखतीच्या आधी सही करून घ्या. चित्रीकरण कुठे-कुठे दाखवलं जाईल, संकलनावर मुलाखत देणाऱ्याचा अधिकार नाही, मानधन दिलं असेल तर किती, हे त्यात स्पष्ट असावं. मुलाखतीनंतर सही मागितली की माणूस रात्रभर विचार करतो आणि सकाळी फोन बंद ठेवतो. मानधन दिलं असेल तर चित्रपटात तसं सांगा.

मुलाखत किमान तीन बैठकांत घ्या. पहिल्या बैठकीत न अडवता कालक्रमाने बोलू द्या. मधल्या दिवसांत त्यातली प्रत्येक तारीख आणि नाव कागदांशी ताडून पाहा. दुसऱ्या बैठकीत कागद त्यांच्या हातात द्या, कॅमेरा चालू असताना वाचायला सांगा आणि वाचताना बोलू नका. तिसरी बैठक इतरांच्या साक्षी झाल्यावर. प्रश्न ‘कसं वाटलं?’ असे नकोत. खोलीत कोण होतं, आधी कोण बोललं, पैसे कुणाच्या हातात दिले, कुठे लिहून ठेवलं, असे हवेत. प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता शांततेचा आवाज नोंदवा, नाहीतर संकलनात प्रत्येक काप ऐकू येईल.

सगळ्यात मोठा धोका असा, की माजी माणूस बहुधा हिशेब चुकता करायला बोलतो. ज्याला बाजूला सारलं तो संस्थेचे दोष अचूक सांगतो आणि त्यातला आपला हात वगळतो. म्हणून तो पदावर असताना ज्यांना त्रास झाला अशा किमान दोघांशी बोला. त्यांनी नकार दिला तर नकार दिला असं पडद्यावर लिहा.

कायद्याचं थोडक्यात. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं. फौजदारी खटल्यात गोष्ट खरी असणं पुरत नाही, ती जाहीर करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मृत व्यक्तीविषयीचं विधानही त्यात येऊ शकतं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९९. त्यात द्वेषबुद्धीने, हेतुपुरस्सर केलेलं कृत्य लागतं, म्हणून टीका व्यवहारावर ठेवा आणि श्रद्धेची टर उडवणारं निवेदन काढून टाका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख कलम ७२ नुसार आणि बालकाची पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार उघड करता येत नाही. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, घराचं दार, गावाची कमान, शाळेचा गणवेश यांवरूनही माणूस ओळखू येतो. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांना प्रत्येक आरोप लेखी पाठवून उत्तराला दोन आठवडे द्या आणि पोच जपून ठेवा. अंतिम प्रत या विषयातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही देऊ नका.

फिल्म क्लबमध्ये ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ दाखवता येईल का?

वैयक्तिक खात्यावरून सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरीही. नेटफ्लिक्स काही निवडक माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी देतं. ती असेल तर त्या चित्रपटाच्या माहितीच्या पानावर तसं लिहिलेलं असतं आणि खेळ विनामूल्य ठेवावा लागतो. तिथे उल्लेख नसेल तर सगळ्यांनी घरी पाहून यायचं आणि क्लबमध्ये फक्त चर्चा ठेवायची. चर्चेला तिसऱ्या भागानंतर एकदा आणि सहाव्यानंतर एकदा बसा. पहिल्या बैठकीत कोण कुणाच्या बाजूने आहे ते लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या बैठकीत कुणाचं मत बदललं ते पाहता येईल.